चार दिवसांचं घर

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या एका मित्राचा मुलगा नोकरीनिमित्त युरोपात असतो. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यानं आणि त्याच्या तीन मित्रांनी मिळून इटलीतल्या टस्कनी भागात एक जुनं दगडी घर आठवडाभरासाठी भाड्यानं घेतलं. द्राक्षाच्या मळ्यातलं घर, अंगणात लांबलचक लाकडी टेबल, त्याच्याभोवती चार जोडपी आणि त्यांची पोरं. ते फोटो पुण्याला बापाकडे आले आणि तिथून आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर. पाठोपाठ पुण्याहून फोन आला. ‘आपणही असंच करू. हॉटेल नको, एक आख्खं घर घेऊ.’

आम्ही चौघं भंडाऱ्यात एका वर्गात शिकलो. मी भंडाऱ्यातच राहिलो, भूगोल शिकवला आणि निवृत्त झालो. एक नागपूरला, एक पुण्याला आणि एक तुमसरला. त्यांना मी या भाषणात गावाच्या नावानंच ओळखणार आहे, कारण त्यांची परवानगी घेतलेली नाही. तुमसरकरानं जन्मभर एका राइस मिलमध्ये हिशेब लिहिले. त्याची बायको काही वर्षांपूर्वी गेली. पेन्शन नाही. ही माहिती पुढे लागणार आहे.

खरं म्हणजे घर भाड्यानं घेऊन सुटी घालवायची कल्पना आपल्याकडे नवी आहे. आपली सुटी मामाच्या गावाला जायची. तिथे वाडा होता, आजी होती, बोडीत पोहायचं होतं आणि भाडं नव्हतं. आता मामा नागपूरला फ्लॅटमध्ये राहतात, वाड्याला कुलूप असतं आणि आपण गुगलवर ‘फार्महाऊस’ शोधत बसतो.

तिकडे युरोपात या गोष्टीला बराच काळ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधली खेडी ओस पडायला लागली. रिकाम्या घरांची डागडुजी करून ती शहरातल्या कुटुंबांना सुटीपुरती भाड्यानं द्यायची, म्हणजे शेतकऱ्याला चार पैसे मिळतील आणि घरही पडणार नाही, अशी ती कल्पना होती. अशा घरांना तिकडे ‘जीत’ म्हणतात. १९५५ मध्ये त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. हॉटेलांना जसे तारे देतात, तशा या घरांना गव्हाच्या ओंब्या देतात, एकपासून पाचपर्यंत. मला ही ओंब्यांची कल्पना फार आवडली. आपल्या जिल्ह्यात धानाच्या लोंब्या द्यायला हरकत नाही. इटलीनं तर १९८५ मध्ये कायदाच केला. शेतघरात पाहुणे ठेवायचे असतील तर शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे हा जोडधंदा. आपल्या महाराष्ट्रानंही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय केली. म्हणून फार्महाऊसवाल्याला पहिला प्रश्न मी हाच विचारतो, ‘तुमच्या शेतात काय पेरलंय?’ उत्तर चटकन आलं नाही, तर ते फार्म नव्हे, नुसतं हाऊस आहे असं समजावं.

तर पुण्याच्या फोनवरून आम्ही कामाला लागलो. भंडाऱ्यात राहणारा मी, म्हणून घर शोधायचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी वाईट केलं. कसं वाईट केलं, तेच आधी सांगतो.

साकोलीच्या पुढे, जंगलाच्या कडेला एक घर मोबाइलवर दिसलं. फोटो सुरेख. पुढे हिरवळ, मागे सागाची झाडं, दारात लावलेला बांबूचा झोपाळा. चार खोल्या आणि एक हॉल. भाडं रात्रीला दहा हजार, तीन रात्रींचे तीस. मी फोनवर दोनच प्रश्न विचारले. रिकामं आहे का? आणि जेवण मिळेल का? दोन्हींना हो आलं. आगाऊ पैसे पाठवले आणि मित्रांना कळवून टाकलं. दिवाळी झाल्यावरचा, नोव्हेंबरचा पहिला आठवडा ठरला.

आम्ही दहा जण होतो. नागपूरकराच्या घरचे पाच, म्हणजे नवरा-बायको, मुलगा-सून आणि सहा वर्षांचा नातू. पुणेकर जोडपं, आम्ही दोघं आणि तुमसरकर एकटा. पोचलो तेव्हा शेवटचे चार किलोमीटर पांदण रस्ता निघाला. धानाची कापणी चालू होती, समोरून ट्रॅक्टर आले की गाडी बांधीत उतरवायची वेळ यायची. घर फोटोतलंच होतं. पण फोटो ज्या बाजूनं काढले होते, तीच एक चांगली बाजू होती. चारपैकी दोन खोल्या खाली, ऐसपैस. उरलेल्या दोन वर, पत्र्याखाली, आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना. संडास-बाथरूम सगळं खाली. इन्व्हर्टर होता, पण त्यावर दिवे आणि पंखे चालत, पाण्याचा पंप चालत नसे. मोबाइलला रेंज एकाच कंपनीची, तीही झोपाळ्याजवळ. त्यामुळे झोपाळा कायम कुणीतरी अडवलेला.

खोल्यांची वाटणी पाच मिनिटांत झाली. लहान पोर आहे म्हणून नागपूरकरांना खालची मोठी खोली आणि हॉल. पुण्याच्या वहिनींची कंबर दुखते म्हणून त्यांना खालची दुसरी. आम्ही दोघं वर. आणि तुमसरकराला मीच म्हणालो, ‘तू वर जा ना गा, एकटाच तर आहेस.’ तो हसला आणि पिशवी घेऊन गेला. त्याचे गुडघे गेलेत हे मला माहीत होतं. आठवलं नाही, इतकंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकाची बाई आणि राखणदार दोघंही आले नाहीत. चौकशी केली तर कळलं, गावात मंडई आहे. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. त्या दिवशी गावातलं माणूस कामाला येईल ही अपेक्षाच चुकीची. मी जन्माचा भंडाऱ्याचा, भूगोलाचा मास्तर, आणि हे माझ्या लक्षात राहू नये! पण त्या रात्री आम्हीही मंडईत गेलो. भजी आणि जिलेबी खाल्ली, पहाटेपर्यंत नाटक पाहिलं, नागपूरकराचा नातू आजोबांच्या मांडीवर झोपून गेला. सगळ्या सहलीतली तीच रात्र आज आठवते. मालकानं जेवणाचं आश्वासन पाळलं असतं तर ती हुकली असती.

निघायच्या दिवशी हिशेब झाला. हिशेब अर्थातच तुमसरकरानं लिहिला, माझ्या वहीत. घरभाडं तीस हजार, जेवणखाणाचे अठरा हजार, एकूण अठ्ठेचाळीस. चौघांत भागले, प्रत्येकी बारा हजार. सगळ्यांनी दिले. जंगलातल्या फेरीचे पैसे ज्यानं त्यानं वेगळे दिले होते. ‘पुढल्या वर्षी पुन्हा’ असं म्हणून गाड्या सुटल्या.

पुढल्या वर्षी तुमसरकर आला नाही. मुलीच्या घरी काम आहे म्हणाला. त्याच्या पुढल्या वर्षी घरात रंगाचं काम होतं. आम्हीही मग गेलो नाही. चौघांतला एक नसला की गंमत नाही, एवढंच एकमेकांना सांगितलं. तुमसर भंडाऱ्यापासून फार लांब नाही, पण त्याचे फोनही कमी झाले होते.

कारण कळलं ते वहीतून. एकदा जुने कागद आवरताना ती वही हाती लागली. सहलीच्या हिशेबाचं पान उघडलं. निळ्या शाईत सगळं नीट मांडलेलं, खाली बारा-बारा हजार. आणि समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात दुसरा एक हिशेब, त्यावर आडवी रेघ मारलेली. त्यात घरभाडं माणशी किंवा घरटी नव्हतं, खोलीप्रमाणे होतं. खालची मोठी खोली आणि हॉल बारा हजार, खालची दुसरी आठ, वरची एक सहा, वरची लहान चार. मिळून तीसच. जेवण ताटाप्रमाणे, नऊ मोठी ताटं आणि पोराचं अर्धं. म्हणजे ताटाला साधारण एकोणीसशे. आणि शेवटी त्याच्या नावापुढे पाच हजार नऊशे.

ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, त्याला आपल्यावर सहा हजार शंभर जास्तीचे पडताहेत हे दिसलं नसेल, असं कसं होईल? दिसलं होतं. त्यानं मांडून पाहिलं आणि खोडून टाकलं. मित्रांमध्ये असं बोलायचं नसतं, असं त्याला वाटलं असणार. आम्ही तिघं पेन्शनवाले, आम्हाला तो आकडा दिसलासुद्धा नाही. मी त्याच आठवड्यात तुमसरला गेलो. पैशाचा विषय त्यानं टाळला. पण चहा पिताना सहज म्हणाला, ‘त्या जिन्यावरून दुसऱ्या रात्री मी घसरलो होतो. घोट्याला लागलं होतं. तुम्ही मंडईतून येऊन झोपला होता, म्हणून उठवलं नाही.’

त्या दिवसापासून घर निवडायची माझी पद्धत बदलली. आधी मी घर पाहायचो आणि मग माणसं त्यात बसवायचो. आता आधी माणसं लिहून काढतो. कुणाचे गुडघे, कुणाला रात्री दोनदा उठावं लागतं, कुणाला कमोड लागतो, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, कोण घोरतं, कोण एकटं आहे. ज्याची अडचण सगळ्यांत मोठी, त्याच्यासाठी घर शोधायचं. बाकीचे त्यात आपोआप मावतात. उलटं केलं की एखादा जिन्यावर राहतो.

पैशाचंही आधीच ठरवायचं, घर पाहण्यापूर्वी. खोलीचे पैसे खोलीच्या मापानं, जेवणाचे ताटाच्या मापानं, आणि ज्याला चांगली खोली हवी त्यानं जास्त द्यायचे. तोंडानं बोलायला जड जातं, म्हणून एकानं लिहून सगळ्यांना पाठवायचं. पुणेकराचा मुलगा सांगतो, तिकडे तर हे सगळं घर घेतानाच कागदावर येतं. बऱ्याच ठिकाणी घर शनिवार ते शनिवारच मिळतं, अनामत घेतात, शेवटच्या साफसफाईचे वेगळे पैसे लावतात, अनेक गावांत माणशी रात्रीमागे वेगळा कर द्यावा लागतो, आणि कपाटात किती पेले, किती चमचे याची यादी हातात देतात. मला ते ऐकून हसू आलं होतं. आता येत नाही.

आता आमच्या जिल्ह्यापुरतं बोलतो, कारण हल्ली बाहेरगावचे लोकही इकडे यायला लागले आहेत. इथे सुटीचं घर दोन प्रकारच्या जागी मिळतं, जंगलाच्या कडेला किंवा पाण्याच्या कडेला. दोन्हींचे प्रश्न वेगळे.

जंगल म्हणजे प्रामुख्यानं नागझिरा. अभयारण्य झालं १९७० मध्ये, तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा नव्हता, तो १ मे १९९९ ला झाला. त्यामुळे आज या जंगलाची प्रवेशद्वारं दोन जिल्ह्यांत विखुरली आहेत. पिटेझरी आपल्या साकोलीच्या बाजूनं, चोरखमारा तिकडे तिरोड्याच्या बाजूनं. जाहिरातीत सगळीच घरं ‘नागझिऱ्यालगत’ असतात. विचारायचं ते हे, की कोणत्या प्रवेशद्वारापासून किती किलोमीटर आणि पहाटे किती मिनिटं? कारण जंगलातली फेरी प्रवेशद्वाराप्रमाणे आगाऊ नोंदवावी लागते आणि सकाळची फेरी उजाडतानाच सुरू होते. फेरी एका दाराची आणि घर दुसऱ्या दाराजवळ, असं झालं की पहाटे तीनला उठून पन्नास किलोमीटर जायचं. म्हणून आधी फेरी नोंदवा, मग घर. आमचं पहिल्या वेळी नेमकं उलटं झालं होतं.

भंडारा शहराला सगळ्यांत जवळचं जंगल कोका. ते २०१३ मध्ये अभयारण्य झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. नागपूरहून दोन दिवसांसाठी येणाऱ्यांना, घरात म्हातारी माणसं असतील तर, मी कोकाच सुचवतो. जंगल लहान, पण दवाखाना जवळ. तिसरं पवनीच्या बाजूचं उमरेड-कऱ्हांडला. ‘जय’ नावाचा वाघ नागझिऱ्यातून निघून २०१३ मध्ये तिथे पोचला, त्यानं त्या जंगलाला नाव मिळवून दिलं आणि २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. अजूनही लोक त्याच्याच गोष्टी सांगतात. वाघ दिसेल या आशेनं येणाऱ्यांना घरमालक ‘अंगणातून दिसतो’ असंही सांगतात. अंगणातून वाघ दिसत असेल तर त्या अंगणात संध्याकाळी नातवंडं खेळवता येणार नाहीत, हे त्याच दमात सांगायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, तेव्हा अस्वलंही पहाटे झाडाखाली असतात. फिरायला जायचं असेल तर गावातल्या माणसाला सोबत घ्यावं आणि तो नको म्हणाला तर जाऊ नये.

पाण्याचं म्हणाल तर हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळात बांधलेले तलाव आणि बोड्या गावोगाव आहेत, त्यांच्यावर धान पिकतो आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. साकोलीकडचा शिवनीबांध पाहावा. वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. आज त्याचं पाणी पार भंडारा शहराजवळ येऊन टेकलेलं असतं. त्या काठावर आता घरं, तंबू, नौकाविहाराच्या पाट्या दिसतात. जागा सुंदर आहे, नाकारायचं कारण नाही. पण नदीकाठी पावसाळ्यात घर घ्यायचं असेल तर ऑगस्ट २०२० आठवावा. वर मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगेला असा पूर आला की भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांतून लोकांना बाहेर काढावं लागलं. नदीकाठच्या मालकाला सरळ विचारावं, ‘त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ तो भिंतीवरची खूण दाखवेल. नाही दाखवली तर शेजारचा दाखवेल.

महिना कोणता, याला सरसकट उत्तर नाही. मे महिन्यात पाणवठ्यावर जनावरं हमखास दिसतात, म्हणून छायाचित्रकार तेव्हाच येतात. पण पारा पंचेचाळीसच्या घरात असतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. सत्तरीच्या माणसाला मेमध्ये आणणं म्हणजे छळ. जुलै ते सप्टेंबर व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातलं पर्यटन साधारण बंद असतं. तरी ज्यांना वाघ नको आणि रोवणी पाहायची आहे, चिखलात उतरायचं आहे, त्यांनी तेव्हा यावं. घरंही स्वस्त मिळतात. फक्त रस्ता डांबरी हवा. दिवाळीनंतर मंडई आणि कापणी, डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि पक्षी, फेब्रुवारीच्या शेवटी पळस. मला विचाराल तर जानेवारी. संधिवातवाल्यांनी गिझर आहे की नाही एवढं बघावं.

आता सापांविषयी, कारण यात हयगय झाली की ती जिवावर बेतते. हा धानाचा मुलूख, इथे नाग, घोणस आणि मण्यार तिन्ही आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश कित्येकदा जाणवतही नाही, सूज येत नाही, आणि पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणतो, पापण्या जड होतात. मित्रमंडळी जमली की हॉलमध्ये खाली गाद्या टाकून गप्पा मारत झोपायची हौस असते. जंगलाच्या कडेच्या घरात ती करू नये. प्रत्येकाला खाट हवी आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. माणसं दहा आणि खाटा आठ, असं घर घेऊच नये, मालक कितीही ‘जादा गादी देतो’ म्हणाला तरी. रात्री बाहेर जाताना बॅटरी, सकाळी बूट झटकून घालायचे. आणि दंश झालाच तर मांत्रिक नाही, चिरा नाही, आवळून बांधणं नाही. पाय किंवा हात हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. सर्पदंशावरची लस तिथे मिळते. म्हणून घर पक्कं करण्यापूर्वीच जवळच्या सरकारी रुग्णालयात फोन करून लस आणि रात्रीचा डॉक्टर आहे का, हे विचारून ठेवतो. लोक हसतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, पण चार किलोमीटर पांदणीवर ती घर शोधत फिरू नये, म्हणून घरापर्यंतचा रस्ता दोन वाक्यांत सांगता येईल असा कागदावर लिहून दाराला चिकटवतो. ‘अमुक फाटा, शाळेच्या मागून, बोडीच्या पाळीवरून डावीकडे.’ तिथे रेंज कोणत्या कंपनीची येते, हेही त्यासाठीच विचारायचं. झोपाळ्यावर बसून नातेवाइकांशी बोलायला नव्हे.

फसवणुकीचं सगळ्यांना माहीत आहे, तरी लोक फसतात. दुसऱ्याच्या घराचे फोटो टाकून आगाऊ पैसे घ्यायचे आणि फोन बंद करायचा. यावर माझा उपाय जुना आहे. प्रत्येकाचा कुणीतरी त्या तालुक्यात असतोच. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतला माणूस, सोयरा. त्याला सांगायचं, येता-जाता घर बघ. नाहीच कुणी, तर मालकाला व्हिडिओ कॉलवर रस्त्यापासून न्हाणीघरापर्यंत चालत जायला लावायचं. खऱ्या मालकाला याचा राग येत नाही. पावती घ्यायची, येणं रद्द झालं तर किती पैसे परत, हे लिहून घ्यायचं. आणि एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. तुमच्यात परदेशी पारपत्राचा माणूस असेल, मग तो तुमचा सख्खा नातू का असेना, तर घरमालकाला २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. नागपूरकराचा दुसरा मुलगा अमेरिकेत आहे, तिथे जन्मलेली नात यंदा येणार म्हणते, म्हणून मी हे शोधून काढलं. दोन घरमालकांनी मला ‘असं काही नसतं’ असं छातीठोकपणे सांगितलं. त्यांची नावं मी यादीतून कमी केली.

येत्या जानेवारीसाठी घर ठरवलंय. या वेळी स्वतः जाऊन पाहिलं, दोनदा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री, कारण रात्री अंगणातला दिवा किती उजेड देतो ते दिवसा कळत नाही. फोटोत काही विशेष दिसत नाही. जुनं विटांचं घर, वर कवेलू, सागवानी पाट्या, पुढे पडवी, आणि समोर तलावाची पाळ. चारही खोल्या खाली, एका रांगेत, जवळपास सारख्या. दोन संडास घराला लागून, एकात कमोड. स्वयंपाकघर आपल्याला वापरता येतं. स्वयंपाकाची बाई शेजारच्याच घरात राहते, तिला मंडईच्या तारखाही विचारून घेतल्या. जंगलाचं दार पंचवीस मिनिटांवर, सरकारी रुग्णालय वीस. रेंज दोन कंपन्यांची. मालकाच्या शेतात या हंगामात धान होता, आणि बांधाच्या धुऱ्यावर तूर. पुणेकराला फोटो पाठवले तर म्हणाला, ‘टस्कनी नाही दिसत रे.’ नाही दिसत.

मित्रांच्या यादीत यंदा पहिलं नाव तुमसरकराचं लिहिलं. घर नक्की करण्याआधी त्यालाच पहिला फोन केला. सांगितलं, खोल्या खाली आहेत, भाडं खोलीप्रमाणे, जेवण ताटाप्रमाणे, आणि मागच्या वेळचे सहा हजार शंभर आम्ही तिघं मिळून यंदाच्या तुझ्या वाट्यात वळते करतोय. तिकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

मग तो म्हणाला, ‘हिशेब कोण लिहिणार आहे?’

‘मी,’ म्हटलं.

‘मग वही घेऊन ये. तपासावा लागेल.’